सात नंबरच्या खोलीचं भाडं

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आठला तीन हजार पाठवले. सव्वाआठला परत. खाली मालकाचा, धाकट्या शेठचा मेसेज, 'ताई, भाडं घेत नाही. करार करा, मग चौदा पाठवा.' वर हात जोडलेलं चित्र.

तेव्हा खांदा कॉलनीत एका आजोबांची नस शोधत होते. उपाशीपोटीचं रक्त हवं होतं. नस सापडेना आणि डोक्यात तिडीक. दोनदा टोचलं. आजोबा म्हणाले, "बाई, आज लक्ष नाही तुमचं." नव्हतंच. लोकांचं रक्त मी काढते, माझं धाकटे शेठ काढतायत.

घरी आल्या आल्या आईने विचारलं, "पावती आली का?" बाबा गेल्यापासून दोन वर्षं, दर महिन्याला पाच तारखेला हिचा हाच प्रश्न. नवऱ्याला जन्मभर दुसऱ्यांच्या पावत्या फाडताना बघितलंय. म्हटलं, येईल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लॅबमधून लवकर सुटून वकीलबाईंकडे. वय तिशीच्या आत, पण डोकं ठिकाणावर. जूनमध्ये कोर्टात भाडं ठरवून द्या म्हणून अर्ज केला, त्याला शेठचं उत्तर आलंय. वाचून दाखवलं. म्हणे सात नंबरची खोली कधी भाड्याने नव्हतीच. तिथे गिरणीचा नोकर राहायचा, फुकट. नोकर वारला. तेव्हा जुनं भाडं हा प्रकारच नाही, आजच्या बाजारभावाने ठरवा.

नोकर! बाबा मोठ्या शेठच्या भातगिरणीचे दिवाणजी. गिरणी बंद पडली तरी शेवटपर्यंत या इमारतीची भाडी गोळा करत होते. खोली पगाराबरोबरची. इमारतीतल्या बाकीच्या अकरा बिऱ्हाडांना 'भाडेकरू' म्हणायचे आणि म्हणताना ओठ जरा वाकडे करायचे. घरपट्टीवाले नावं लिहायला आले तेव्हा सात नंबरला स्वतःचं नाव घालू दिलं नाही. "आम्ही मालकाची माणसं, लिहा मालक." मी तिथेच उभी होते. आता मालकाच्या माणसाची पोर कागद शोधत फिरतेय.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही भाडेकरू आहात यात शंका नाही. वडील गेल्यावर त्यांनी दोन वर्षं तीन-तीन हजार घेतले, पावत्या दिल्या, ते त्यांना आता गिळता येणार नाही. प्रश्न एवढाच, कायदेशीर भाडं किती?" कायद्यात एक जुनी तारीख आहे. त्या दिवशी जागा भाड्याने दिलेली नसेल तर त्याच्या आधी शेवटची ज्या भाड्याने दिली होती तेच धरायचं, वर कायद्याची वाढ. "वडिलांच्या आधी तिथे कोण होतं आणि किती देत होतं, याचा कागद आणा. नाही आणलात तर कोर्ट चौदाच्या जवळपास जाईल."

माझा पगार एकवीस. शिवाय खरी मेख वेगळीच. इमारत पाडणार आहेत. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा मिळेल. अकरा महिन्यांचा करार करणाऱ्याला नुसता नमस्कार. म्हणूनच शेठना माझी सही हवीय.

तारीख १२ डिसेंबर.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर बाबांची ट्रंक. पावत्यांच्या स्थळप्रती, खोलीवार गठ्ठे, सुतळीने बांधलेले, वर निळ्या शाईत नंबर. एक ते बारा. सात नाही. तीनदा मोजले. बाबांच्या हातून कागद हरवणं म्हणजे सूर्याने सुट्टी घेणं. हरवला नाही, काढलाय.

आईला विचारलं, आपल्या आधी इथे कोण राहायचं? "असेल कोणी." एवढं बोलून पाट्याशी जाऊन बसली आणि चटणी वाटायला लागली. धाकट्या भावाने, सदूने दिलेला मिक्सर वर खोक्यात पडलाय. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेत, पण बोलायचं नसलं की ही पाट्यावर बसते. वरवंट्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात. मी पण मग जोरात कपाट लावलं.

सदूचा फोन. "आईला मी नेतो कॉलनीत, तू वर्किंग विमेन्समध्ये बघ." एकावन्नाव्या वर्षी होस्टेल. फोन ठेवून दिला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन नंबरच्या हमीदाचाचींची शुगर काढायला गेले होते. सहज विचारल्यासारखं विचारलं. चाची इथेच नवरी होऊन आल्या, त्यांना सगळं माहीत. "सात नंबर? गोमाशेट राहायचे ना. जासईचे. गिरणीत तोलाई करायचे. मोठी लडकी हिरा, माझ्याकडून क्रोशा शिकायची." मग माझ्याकडे जरा बघून म्हणाल्या, "तुझी अम्मी नाही बोलली? मग राहू दे बेटा. पुरानी बात."

राहू दे म्हटलं की मला राहवत नाही, हे चाचींना माहीत असायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जासईला गेले, स्कूटीवरून. कंटेनरच्या ट्रेलरांच्या मधून जाताना जीव मुठीत. गोमाशेट कधीच गेले. हिराबाई भावाकडे असतात. घर कसलं, तीन मजली बंगला, खाली दोन गाड्या. जमिनी गेल्या त्याचे पैसे आले. हिराबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. पंचावन्नच्या असतील. मी कोण ते सांगितल्यावर हात थांबला.

"दिवानजीची पोर?"

"हो."

"बस."

पाणी दिलं, चहा दिला, पण बोलेनात. मी लॅबमध्ये आहे कळल्यावर बोट पुढे केलं, "काढ. बघू साखर किती हाय ती." यंत्र पिशवीत असतंच. दोनशे चाळीस. "वाटलंच," म्हणाल्या आणि मग बोलल्या.

जसं आठवतंय तसं लिहिते. त्यांच्या बोलीत भारा म्हणजे भाडं, खुला म्हणजे खुळा, येल म्हणजे वेळ.

"माजा बा भारा घेऊन खाली गेला का तुजा बा म्हनायचा, आज नको, वही शेठकडं हाय. दुसऱ्या मयन्याला म्हनाला, रिपेरी काढलीय, मंग बघू. तिसऱ्याला म्हनाला, तुमी तीन मयनं भारा थकवलाय. खोली खाली करा. माज्या बाला लिवतां-वाचतां येत नव्हतं. पन तो खुला नव्हता. त्यानं मनिआडर केली. तीन येला."

आत जाऊन जमिनीच्या कागदांची फाईल आणली. मधे प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाडेपावती. बाबांचं अक्षर, तेच निळं. 'खोली नं. ७, रु. २८.' आणि तीन मनिऑर्डरचे फॉर्म, परत आलेले. पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार.' प्रत्येकाखाली 'मालकांतर्फे' आणि बाबांची सही. पूर्ण, वळणदार, खाली दोन टिंबं.

नकार देणारा शहाणा माणूस पोस्टमनला तोंडी हाकलतो. पण कागद समोर आला आणि सही केली नाही असं बाबांच्या हातून झालंच नसतं. स्वतःच्या सहीचा केवढा तोरा होता त्यांना. माझ्या प्रगतिपुस्तकावर आईने सही केली म्हणून एकदा दोन दिवस रुसले होते.

मला हवा होता तो कागद हाच. खोली, भाडं, तारीख, सगळं. आणि त्यावर हे.

मी म्हटलं, एक झेरॉक्स... हिराबाईंनी पिशवी परत फाईलमध्ये घातली. "मी सातवीत व्हते. पनवेलची शाला सुटली ती सुटली. हितं मंग कुनी शालंत घातला नाय. आज पैसा हाय, सगला हाय. मला मोबाईलवरचं नाव वाचायला येल लागतो." फाईल मांडीवर घेऊन म्हणाल्या, "कागुद मी देनार नाय. कोर्टात मीच येते. मलाच बोलायचाय."

परत येताना चिरनेरच्या फाट्याला चुकून वळले. तशीच बराच वेळ चुकीच्या रस्त्याने गेले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काही लिहावंसं वाटत नाही. इतके दिवस धाकट्या शेठला शिव्या घालत होते, भाडं परत पाठवतो म्हणून. ही युक्ती त्याची नाहीच. आमच्या घरातली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर आईशी धड बोलले नाही. आज जेवताना सांगून टाकलं. जासई, हिराबाई, मनिऑर्डर, सही. वाटलं रडेल, किंवा माझ्यावर ओरडेल. भाताचा घास तसाच हातात.

"मला माहीत आहे."

मग एकेक करून सांगितलं. आम्ही तेव्हा गिरणीच्या मागच्या खोलीत राहायचो. कोंडा उडायचा, दारं लावली तरी आत यायचा. मला दम लागायचा, रात्र रात्र बसून काढायची. मी आठ वर्षांची, सदू आईच्या पोटात. डॉक्टर म्हणाले, पोरीला इथून हलवा. बाबांनी मोठ्या शेठकडे खोली मागितली. शेठ म्हणाले, रिकामी नाही. करून घेता आली तर घ्या. मग बाबांनी करून घेतली.

"ती माणसं सामान उतरवत होती तेव्हा मी जिन्यात उभी होते. गोमाची बायको म्हणाली, वहिनी, पाटा जड आहे, नंतर नेते. मी म्हटलं, ठेवा, मी बघते. परत कोण येणार ग तोंड बघायला."

हा पाटा. जन्मभर ज्याच्यावरची चटणी खाल्ली तो. सदूच्या बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवला होता, कुंची घालून, मला आठवतंय, मी हसले होते. तोही त्यांचाच.

आणि हे सगळं माझ्या दम्यासाठी. मी मागितलं नव्हतं असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण कोणाला? ताट तसंच ठेवून उठले. आईने ते झाकून ठेवलं.

बाबांचा राग येतो. मग दम लागलेल्या पोरीला पाठीवर घेऊन गिरणीच्या आवारात फेऱ्या मारणारे बाबा आठवतात आणि रागही धड टिकत नाही. याचाच जास्त राग येतो.

२ डिसेंबर, मंगळवार

धाकटे शेठ आले, पेढे घेऊन. नातवाचा वाढदिवस म्हणे. आईच्या पाया पडले. खुर्चीवर बसून छताकडे बघितलं, वासे मोजल्यासारखं. साक्षीदारांची यादी त्यांच्या वकिलाला मिळालीय, हिराबाईंचं नाव त्यांनी वाचलंय.

"ताई, सहा हजार करू. डिपॉझिट नको. पाच वर्षं हलवत नाही, शब्द देतो."

"आणि नवीन इमारतीत जागा?"

"ते बघू ना पुढे." मग आवाज खाली आणून, "त्या बाईला कोर्टात उभी कराल तर ती काय बोलणार? मी बारा वर्षांचा होतो, मला पण आठवतंय. आमच्या वडिलांनीच करायला सांगितलं, खरं आहे. पण कागदावर सही कुणाची आहे? दिवाणजी काकांचं सगळं गाव नाव घेतं. कशाला ते..."

 पेढे ठेवून गेले.

खरं सांगायचं तर, माझं मन डळमळलं. सहा हजार झेपतात, रडतखडत. बाबांचं नाव राहतं. आईला कोर्टाच्या बाकावर बसून ते ऐकावं लागत नाही. हिशोब करायला बसले आणि लक्षात आलं की मी अगदी बाबांसारखी पेन्सिल कानावर ठेवलीय.

आईला विचारलं, काय करू?

"पेढे हमीदाकडे देऊन टाक," म्हणाली.

६ डिसेंबर, शनिवार

वकीलबाईंना हिराबाईंचं नाव मागेच दिलं होतं, आज बाकीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उलटतपासणीत ते बाईंना विचारणार, खोली कशी सोडलीत. "आणि त्या सांगणार." मी म्हटलं, त्या तेवढ्यासाठीच येतायत.

"मग तुमचं काय ठरलं?"

भाडं ठरेल अठ्ठावीस अधिक वाढ अधिक कर, शंभर-सव्वाशे. शंभरात आज पाच वडापाव येतात. म्हणजे हेही काही न्यायाचं आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण आईला या वयात उचलून कुठे ठेवू? मला घर हवंय. बस्स. शेठच्या करारावर सही केली नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आई सकाळी सहालाच आंघोळ करून तयार. बारीक काठाची साडी. "मी येणार." गुडघ्याला पट्टा बांधून रिक्षात बसवली.

हिराबाई आमच्या आधी पोचल्या होत्या. फाईल छातीशी. आई आणि त्या एकाच बाकावर, मधे वकीलबाईंची बॅग.  धाकटे शेठ समोर मोबाईलमध्ये. अकरा, साडेबारा, जेवणाची सुट्टी. तीनला पुकारा झाला आणि त्यांच्या वकिलाने मुदत मागितली. मिळाली. २० जानेवारी.

हिराबाईंना दोनदा समजावून सांगावं लागलं की आज काही होणार नाही. "म्हंजे आज मला बोलायचा नाय?" तोंड असं झालं की मला बघवेना. एवढ्या वर्षांनी माणूस तोंड उघडायला येतं आणि त्याला पुढची तारीख देतात.

मग म्हणाल्या, "खोली बघायची व्हती."

जिना चढताना त्या पुढे, आई मागे, मधे मी. दारात थांबल्या. आत येऊन खिडकीकडे गेल्या नाहीत, कशालाच हात लावला नाही, सरळ ओट्याखाली बघितलं. पाटा आईने सकाळीच धुवून भिंतीला उभा केला होता. वरवंटा शेजारी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून. मला काही बोलली नव्हती.

"तुमचा आहे," आई म्हणाली. "मी बघते म्हटलं होतं. बघितला."

हिराबाई खाली बसल्या. पाट्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "हा टवका मी पारलेला. आयनं मारला व्हता मला."  मग आईला विचारलं, "तुमाला तवा काय वाटला?"

आई म्हणाली, "लाज वाटली. आणि खोली मिळाली म्हणून बरंही वाटलं. पोरगी रात्री झोपायला लागली."

हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. तो दम कोणाचा होता ते त्यांना तेव्हा कळलं असावं. 

आता जे लिहिणार आहे ते कोणाला सांगण्यासारखं नाही. त्या पाटा न्यायला उठल्या तेव्हा माझ्या मनात आलं, आज नको, वीस तारखेला न्या म्हणावं. म्हणजे परत येतीलच. पाटा इथे असला की येणं भाग. शब्द अगदी ओठावर आले होते. आज नको, नंतर बघू. कुणाचे शब्द ते कळलं आणि तसेच गिळले.

आई म्हणाली, "शुभा, खालून रिक्षावाल्याला बोलव. जड आहे."

बोलावला. त्याने पाटा खांद्यावर घेतला. वरवंटा हिराबाईंनी स्वतः घेतला, दुसऱ्या हातात फाईल. पावती, मनिऑर्डरी, सगळं त्या फाईलमध्ये, त्यांच्याबरोबर जासईला. जिन्यात वळून म्हणाल्या, "लिवून पायजे काय? वीस तारखेला येते म्हनून? सही देते."

माझ्या तोंडात हो होतं.

"नको," आई म्हणाली.

रिक्षा वळेपर्यंत आम्ही दोघी गॅलरीत. येतील की नाही, मला सांगता येत नाही. त्यांचा चेहरा वाचायला मी शिकलेले नाही.

संध्याकाळी आईने मिक्सरचा खोका काढायला लावला. चटणी पाणचट झाली. दोघींनी खाल्ली.